एसटीएम, ई-वन आणि गिगाबिट : वेगाची एकके बदलताना या चुका टाळा

दोन कार्यालयांमध्ये एसटीएम-१ (एसडीएच या दूरसंचार प्रसारण पद्धतीतील पायाभूत वेग) क्षमतेची ऑप्टिकल जोडणी आहे आणि ५०० जीबीचा बॅकअप रात्रीतून पलीकडे पोहोचवायचा आहे, असे समजू. जोडणीचा वेग १५५.५२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) आहे हे पाहून कोणी ५०० जीबीला त्याने सरळ भागले, तर उत्तर सुमारे ५४ मिनिटे येते. प्रत्यक्षात मात्र काही तास उलटले तरी बॅकअप चालूच राहतो आणि मग जोडणी संथ असल्याची तक्रार नोंदवली जाते. अशा तक्रारींमध्ये बहुतेक वेळा फायबर आणि उपकरणे ठणठणीत असतात. चूक आकडेमोडीत असते.

हेच गणित सावकाश करून पाहू. वेग बिटमध्ये आणि फाइलचा आकार बाइटमध्ये सांगितलेला असतो, म्हणून आकाराला आधी ८ ने गुणावे लागते; तेवढ्यानेच ५४ मिनिटांचे ७ तास ९ मिनिटे होतात. पुढचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. एसटीएम-१ ची चौकट ९ ओळी आणि २७० स्तंभांची (प्रत्येक जागी एक बाइट) असते व ती सेकंदाला ८००० वेळा पाठवली जाते, त्यातूनच १५५.५२ हा आकडा येतो. या २७० पैकी १० स्तंभ देखरेख, जुळवणी आणि नियंत्रण यांसाठी राखीव असतात, त्यामुळे वापरकर्त्याच्या माहितीला २६० स्तंभ, म्हणजे १४९.७६ एमबीपीएस उरतात आणि वेळ ७ तास २५ मिनिटांवर जातो. शिवाय विंडोज ज्याला ५०० जीबी म्हणते, तो आकार १०२४ च्या पटीत मोजलेला असतो. तो हिशेबात धरला की ७ तास ५८ मिनिटे होतात. आयपी आणि टीसीपी या नेटवर्क नियमांनुसार जोडल्या जाणाऱ्या शीर्षमाहितीचा भार यात अजून धरलेलाच नाही.

दूरसंचारात किलो म्हणजे १००० आणि मेगा म्हणजे दहा लाख, यात अपवाद नाही. तरीही १०२४ चा गोंधळ टिकून राहतो, आणि माझ्या मते त्याला ई-वन सर्किट (अनेक टेलिफोन वाहिन्या एकत्र नेणारी जोडणी) बरेच जबाबदार आहे. ई-वनचा वेग २०४८ केबीपीएस आहे आणि रोजच्या बोलण्यात सगळे त्याला ‘टू एमबी’ म्हणतात, त्यामुळे २०४८ म्हणजे १०२४ ची दुप्पट असा समज सहज होतो. हा केवळ योगायोग आहे. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटांचा, म्हणजे एक वाहिनी ६४ केबीपीएसची. अशा ३२ कप्प्यांचे २०४८ केबीपीएस होतात, आणि ते मेगामध्ये लिहायचे तर २.०४८ असेच लिहावे लागतात. त्या ३२ पैकी शून्यावा कप्पा चौकट जुळवण्यासाठी आणि सहसा सोळावा सिग्नलिंगसाठी जातो, म्हणून संभाषणासाठी ३० वाहिन्या मिळतात.

याच ई-वनवरून क्षमता नियोजनात मोठी चूक होते. १५५.५२ ला २.०४८ ने भागले की जवळजवळ ७६ येतात, म्हणून एसटीएम-१ मध्ये ७५ ई-वन बसतील असे धरून कोष्टक तयार केले जाते. प्रत्यक्षात ६३ च बसतात, कारण रचना ३ गुणिले ७ गुणिले ३ अशा ठरलेल्या गटांची आहे. इथे भागाकार करूच नये. रचनेत किती कप्पे आहेत ते मोजावे.

उत्तर अमेरिकेतील कागदपत्रांत हेच वेग ओसी क्रमांकाने लिहितात; ती हाताळताना ओसी-४८ म्हणजे एसटीएम-१६ हे लक्षात ठेवावे; एसटीएमच्या क्रमांकाला ३ ने गुणले की ओसीचा क्रमांक मिळतो.

एसडीएचमध्ये १५५.५२ ची चौपट ६२२.०८ आणि सोळापट २४८८.३२ अशी अगदी तंतोतंत येते. ही सवय घेऊन ओटीएनकडे (ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्क) गेलात तर फसाल. त्यातील पहिली पातळी, म्हणजे ओटीयू-१ चा वेग २.६६६ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट) आहे, त्याची चौपट १०.६६४ होते, पण ओटीयू-२ चा खरा वेग १०.७०९ आहे, कारण प्रत्येक पातळीवर वाढीव भाराचे गुणोत्तर बदलते.

‘टेन जी’ हा शब्द तर सर्वांत धोक्याचा आहे. दहा गिगाबिट इथरनेटच्या लॅन (स्थानिक जाळ्याच्या) प्रकारात तारेवरचा वेग १०.३१२५ जीबीपीएस असतो, कारण प्रत्येक ६४ बिटांमागे ६६ बिट पाठवले जातात. वॅन (दूरच्या जाळ्याच्या) प्रकारात तो एसटीएम-६४ इतकाच, म्हणजे ९.९५३२८ जीबीपीएस असतो. एका टोकाला लॅन आणि दुसऱ्या टोकाला वॅन प्रकार निवडला गेला, तर पॉवर मीटरवर प्रकाशाची पातळी योग्य दिसते, कनेक्टर स्वच्छ असतात, तरीही लिंक उभी राहत नाही. अशा वेळी पॅचकॉर्ड बदलत बसण्याआधी दोन्ही पोर्टचा प्रकार वाचावा. ओटीएनवरून जाताना हेही पाहावे की ओटीयू-२ च्या आत माहितीसाठी सुमारे ९.९९५ जीबीपीएस जागा असते, १०.३१२५ चा प्रवाह जसाच्या तसा न्यायचा असेल, तर ११.०९६ जीबीपीएसचा ओटीयू-२ई लागतो.

बॉड (सेकंदाला पाठवलेली चिन्हे) आणि बिट हेही एक नव्हेत. २८ गिगाबॉडच्या क्यूपीएसके (प्रकाशलहरीच्या चार अवस्थांतून माहिती नेणाऱ्या) संकेतात प्रत्येक चिन्ह २ बिट वाहते आणि दोन ध्रुवीकरणांमुळे ते दुप्पट होऊन ११२ जीबीपीएस होतात.

शेवटी चाचणी अहवालाविषयी. एक गिगाबिटच्या जोडणीवर ६४ बाइटच्या फ्रेम (माहितीचे तुकडे) पाठवल्या, तर प्रत्येक फ्रेममागे आणखी २० बाइटची जागा जाते आणि फ्रेमचा वेग जास्तीत जास्त ७६२ एमबीपीएस दिसतो. १५१८ बाइटच्या फ्रेमना तोच ९८७ दिसतो. दोन्ही वेळा जोडणी पूर्ण भरलेली असते. म्हणून अहवालात वेगाशेजारी फ्रेमचा आकार आणि मोजणीचा स्तर लिहिलेला नसेल, तर तो आकडा दुसऱ्या एककात बदलण्याआधी चाचणी करणाऱ्याकडून या दोन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात.