टर्बो गाडीत शिफ्ट लाइट आणि लाँच कंट्रोल कसे बसवावे

शिफ्ट लाइट आणि लाँच कंट्रोल ही दोन्ही साधने पुष्कळदा एकाच डब्यात विकली जातात. पण शिफ्ट लाइट इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) केवळ वाचून गिअर बदलण्याची खूण म्हणून दिवा लावतो, तर लाँच कंट्रोल गाडी जागेवरून सुटताना इंजिनाच्या कामात प्रत्यक्ष हात घालते. म्हणून आधी दिवा बसवून त्याची सवय करून घ्यावी. येथे चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअरबॉक्स गृहीत धरले आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. दिव्याला तीन वायर लागतात: चावी फिरवल्यावर १२ व्होल्ट देणारी, २ किंवा ३ अँपिअरच्या फ्यूजमधून आलेली वायर, बॉडीची अर्थिंग आणि आरपीएमचा सिग्नल. जुन्या गाडीत हा सिग्नल डॅशबोर्डवरील टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या काट्याच्या) वायरवर मिळतो आणि चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, असे धरून दिवा सेट करावा. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल असेल तर एका कॉइलचा सिग्नल साधारणतः दोन फेऱ्यांत एकदाच येतो. सेटिंग चुकले की दिवा भलत्याच आकड्याला पेटतो. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीतील दोष तपासण्याच्या सॉकेटमध्ये) खोचायचा दिवा सोपा खरा, पण तो उशिरा जागा होतो आणि नेमक्या पहिल्या गिअरमध्ये ते नडते.

दिवा रेडलाइनवर, म्हणजे इंजिनाच्या कमाल सुरक्षित आरपीएमवर, लावणे ही नेहमीची चूक. डोळ्याने दिवा पाहून पाय क्लचवर जाईपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. पहिल्या गिअरमध्ये आरपीएम सेकंदाला ४,००० ने चढत असतील, तर तेवढ्या वेळात ८०० आरपीएम निघून जातात. तिसऱ्यात हीच चढण १,००० असेल, तर फक्त २००. गिअर ६,५०० ला बदलायचा असेल, तर दिवा पहिल्यात ५,७०० ला आणि तिसऱ्यात ६,३०० ला लागावा. शिवाय लहान टर्बोचा जोर रेडलाइनच्या बराच आधी ओसरतो. अशा गाडीत शेवटचे काही शे आरपीएम पिळून हाती फक्त आवाज लागतो.

लाँच कंट्रोल हे ट्यूनरकडून (इंजिनाची सेटिंग बदलून देणाऱ्या तज्ज्ञाकडून) ईसीयूमध्येच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातच, करून घ्यावे, असे माझे मत आहे. कॉइलच्या वायरी कापून बसवलेला स्वतंत्र डबा हा दुय्यम पर्याय. गाडी उभी असताना क्लच दाबला की क्लच स्विचवरून ईसीयूला खूण मिळते आणि आरपीएम ठरलेल्या मर्यादेवर अडवले जातात. भार नसलेल्या इंजिनात एरवी बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जादा दाब) तयार होत नाही. पण ठिणगी उशिरा टाकली, की इंधनाचे बरेचसे ज्वलन एक्झॉस्टकडे जाताना होते आणि त्या उष्णतेने टर्बोची टर्बाइन गाडी सुटण्याआधीच फिरू लागते. केवळ इंधन तोडणाऱ्या मर्यादेने हे साधत नाही. त्याची किंमत मात्र टर्बाइन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मोजतात. म्हणून एका वेळी तीन-चार सेकंदांहून अधिक धरू नये.

मर्यादेचा आकडा इंजिनापेक्षा टायरवर ठरतो. साध्या टायरच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ३,००० पासून सुरुवात करावी. चाके जागीच फिरली तर २०० ने उतरवावे, इंजिन दबले तर २०० ने चढवावे. एका फेरीत एकच बदल करावा, टायरमधील हवा तीच ठेवावी आणि वेळ लिहून काढावी.

हा सराव बंद ट्रॅकवर किंवा आयोजकांनी परवानगी काढलेल्या धावपट्टीवरच करावा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार, नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हात लावण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी. दोन फेऱ्यांच्या मध्ये इंजिन काही मिनिटे आयडलवर ठेवावे आणि क्लचचा जळका वास आला, तर तो पूर्ण जाईपर्यंत पुढची फेरी घेऊ नये.