नाशिकच्या बाजारातला लेप: अख्खा आणा, मग ओळखा

प्रॅक्टिकलसाठी लेप, म्हणजे तो समुद्रातला चपटा मासा, आणायला सांगितला की आमच्या तृतीय वर्षाची निम्मी मुलं सोललेला लेप घेऊन येतात. मच्छीवाल्या मावशींचा यात काही दोष नाही. गिऱ्हाईक दिसलं की डोक्यापाशी चीर द्यायची आणि कातडी एका ओढीत शेपटीपर्यंत काढायची, हा त्यांचा बसलेला हात. कालवणाला ते उत्तमच. पण वर्गीकरणाला सोललेला लेप म्हणजे पत्ता फाडलेलं पाकीट. म्हणून भाव विचारण्याआधी सांगायचं, ‘मावशी, साफ करू नका, अख्खा द्या.’

आपल्याकडे गंगापूर धरणाचे रोहू-कटला ताजे मिळतात, समुद्राचा माल मात्र कसारा घाट चढून बर्फातून येतो. त्यामुळे सकाळी लवकर जा, आणि पाटीच्या तळाशी दबलेला मासा घेऊ नका. त्याच्या परांच्या (पोहायच्या पंखांच्या) कडा चिरडलेल्या असतात आणि आपलं निम्मं काम त्या कडांवरच चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. लेप तळावरून फिरणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात येतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत समोर आलेला लेप बहुधा शीतगृहातला समजा. पावसाळा संपला की निवांत मिळतो. येताना एखादा भाकसही घ्या, तोही चपटाच मासा, तुलनेला लागेल.

घरी किंवा लॅबमध्ये पांढरा ट्रे, भिंग, दोन सुया, पट्टी एवढं पुरतं. मासा वाहत्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवा. घासू नका, खवले जातात.

आता डोळे कोणत्या बाजूला आहेत ते ठरवायचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. ट्रेमध्ये मासा आडवा पडलेला असतो आणि मुलं वरची बाजू म्हणजे पाठ असं धरून चालतात. ती पाठ नव्हे, ती कूस आहे. आधी पोटाची कड शोधा: डोक्याच्या लगेच मागे बोटाने दाबलं की एका कडेला मऊ लागतं, तिथे आतड्याची पोकळी आहे, कल्ल्याची फटही त्याच कडेकडे उघडते. ती कड खाली येईल असा मासा हातात उभा धरा, डोळे आपल्याकडे करा. तोंड आपल्या डावीकडे आलं तर डोळे माशाच्या डाव्या बाजूला. लेपाचं उत्तर डावंच येणार.

हे असं का, तर चपट्या माशांचं पिल्लू चारचौघांसारखंच जन्माला येतं, एक डोळा इकडे, एक तिकडे. मोठं होताना एक डोळा कवटीवरून दुसऱ्या बाजूला सरकतो आणि मासा एका कुशीवर तळाला कायमचा बसतो. लेपाच्या कुलात सरकतो तो उजवा डोळा. अशा सगळ्या माशांचा गण एकच, प्ल्युरोनेक्टिफॉर्मिस. त्यात आपला लेप सायनोग्लॉसिडी कुलातला.

पण नुसत्या डाव्या डोळ्यांवर कुल ठरत नाही. बोथिडी कुलातले मासेही डावे असतात. म्हणून पुढची खूण शेपटी. पाठीचा आणि गुदाचा पर शेपटीला सलग जोडून टोकाला निमुळता झाला असेल, आणि छातीचा पर अजिबात नसेल, तर तो सायनोग्लॉसिडी. बोथिडीची शेपटी सुटी असते आणि निदान डोळ्यांच्या बाजूला छातीचा पर असतो. डोळे उजवीकडे असतील तर सोलिइडी कुल तपासा. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रियास त्यातलाच. आणि तो भाकस? सेटोडिस एरुमेई. त्याचे डोळे कधी डाव्या, कधी उजव्या बाजूला असतात. मोठं दातेरी तोंड आणि डोळ्यांच्या बऱ्याच मागून सुरू होणारा पाठीचा पर बघितला की शंका उरत नाही. चपट्या माशांत हा सगळ्यात कमी चपटा झालेला, इतर माशांच्या जवळचा. मला तो फार आवडतो, मुलांना तो कंटाळवाणा वाटतो.

कुल ठरलं की प्रजाती (जीनस), आणि तिच्या आत जाती (स्पीशीज). या कुलात प्रजाती तीनच आहेत, जाती मात्र १४० हून अधिक. भिंग घ्या आणि तोंड बघा. नाकाड खाली वळून तोंडावर आकड्यासारखं आलेलं असेल तर सायनोग्लॉसस किंवा पॅराप्लॅगुजिया. सुईने ओठ थोडा वर करा: डोळ्यांच्या बाजूच्या ओठाला बारीक झालर असेल तर पॅराप्लॅगुजिया, ओठ साधा असेल तर सायनोग्लॉसस. नाशिकच्या ट्रेमध्ये बहुतेक वेळा सायनोग्लॉससच निघतो. तिसरी प्रजाती सिम्फ्युरस. तिला आकडा नाही, अंगावर पार्श्वरेषा, म्हणजे कुशीवरून जाणारी छिद्रांची ओळ, तीही नाही. तिच्यातल्या बऱ्याच जाती खोल पाण्यातल्या, तेव्हा बाजारात तिची वाट बघू नका. त्यातली सिम्फ्युरस थर्मोफायलस ही जात तर पश्चिम पॅसिफिकमध्ये समुद्रतळाच्या गरम झऱ्यांजवळ राहते. तिचं वर्णन २००८ साली झालं.

जातीपर्यंत जायचं तर पार्श्वरेषा मोजा. मासा किंचित ओला ठेवा आणि दिवा तिरका धरा. खवल्यांच्या रांगांत छिद्रांची एक बारीक, उठून दिसणारी ओळ डोक्यापासून शेपटीकडे जाते. वरच्या बाजूला दोन आणि खालच्या पांढऱ्या बाजूलाही दोन असतील तर सायनोग्लॉसस बायलिनिएटस. वर दोन, खाली एकही नाही आणि खवले ठसठशीत मोठे, तर सायनोग्लॉसस अरेलची शक्यता धरा. पण ‘वर दोन, खाली शून्य’ असलेल्या जाती बऱ्याच आहेत, तेव्हा दोन रेषांमधल्या खवल्यांच्या रांगाही मोजाव्या लागतात. हे किचकट काम मत्स्यशास्त्रज्ञ ए. जी. के. मेनन यांनी १९७७ साली संपूर्ण प्रजातीसाठी करून ठेवलं आहे. सायनोग्लॉसस हे प्रजातीचं नाव मात्र हॅमिल्टनचं, १८२२ चं, गंगेच्या माशांवरच्या कामातलं. यावरून दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग गोदावरीत लेप का नाही? आहे की, आंध्रात, मुखापाशी, खाऱ्या-गोड्या पाण्याच्या मिसळीत. रामकुंडावर नाही.

राहण्याची जागा पुस्तकातून पाठ करण्यापेक्षा पोटातून वाचा. आधी खालच्या, आंधळ्या बाजूचे जबडे बघा: बारीक दात मुख्यतः तिकडेच आहेत, कारण घास तळातून उचलायचा असतो. मग पोटाची पोकळी उघडा आणि आतड्यातला ऐवज वॉच ग्लासमध्ये (काचेच्या उथळ वाटीत) थेंबभर पाण्यात पसरा. भिंगाखाली रेतीचे कण, गाळ, समुद्री कृमींचे ताठ केस, सूक्ष्म कोळंबीवर्गीयांचे तुकडे असं काहीबाही दिसतं. म्हणजे मासा किनाऱ्यालगतच्या मऊ, गाळ-रेतीच्या तळावर चरत होता. खडकाळ तळावर त्याचं काही चालत नाही. अंग पुरायला गाळ किंवा वाळू हवी. केरळच्या किनाऱ्यावर पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस मोठ्या प्रमाणात सापडतो, तोही अशाच गाळाच्या तळावरचा.

आतडं रिकामं निघालं तर ‘रिकामं’ असंच लिहा, मनाने कृमी घालू नका. लेबलवर तारीख, लांबी, डोळ्यांची बाजू, दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषा आणि ‘नाशिक बाजार, पकडल्याची जागा अज्ञात’ हे शेवटचे शब्द हवेतच. मावशींनी मुंबईचा म्हणून सांगितलेला मासा गुजरातेतल्या वेरावळचाही असू शकतो. मासा टिकवायला फॉर्मलिन वापरलंत तर हातमोजे घाला, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर हॉस्टेलच्या फ्रिजमधून तो कुणाच्या तरी तव्यावर जाईल.