ग्लेजची रेघ: बाटली विकत घ्यायच्या आधी

चाक चालवता येतं, बिस्किट भाजणी (ग्लेज लावण्याआधीची पहिली भाजणी) जमते, भांडं ग्लेजमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपात, बुडवून काढता येतं, एवढं गृहीत धरून लिहिते आहे. त्यापुढचं काम म्हणजे ग्लेजने भांड्यावर काढायची रेघ. कपाच्या काठाखालची बारीक पट्टी, ताटलीतली वेल, ठिपके. नवी पोरं या कामाकडे आली की आधी मोबाईल उघडतात आणि रेघ काढायच्या बारीक तोंडाच्या परदेशी बाटल्यांचा सेट मागवतात. मागवू नका.

वरोरा किंवा भद्रावतीच्या बाजारात मेंदीचे रिकामे कोन मिळतात, सुरुवातीला तेवढे पुरे. कोन ग्लेजने अर्धाच भरायचा, वरून दुमडून रबर लावायचं, टोक अगदी जरासं कापायचं. जास्त कापलं तर तो कोन गेला, दुसरा घ्या. त्यानंतर 20 मिलीची सिरिंज. सुई मेडिकलमधून नवीकोरी आणायची, दवाखान्यातली वापरलेली अजिबात नाही, आणि दगडावर घासून टोक बोथट करायचं. 18 नंबरपासून सुरू करा. सुईचा नंबर वाढला की भोक बारीक होतं, हे उलटं गणित दुकानातच लक्षात ठेवा. गोल पट्ट्यांसाठी मात्र लांब केसांचा ब्रश आणि भांडं ठेवून हाताने फिरवायची फिरकी. कोपर टेकवायचं, ब्रश जागेवर धरायचा, भांडं फिरू द्यायचं. ब्रशने साधं ग्लेज एकदाच फिरवलं तर भाजल्यावर रेघ फिकी पडते, कधी दिसतही नाही. तिथे ऑक्साइड (रंग देणारी धातूची भुकटी) किंवा अंडरग्लेज (ग्लेजखाली लावायचा रंग) वापरा.

अवजारांचं एवढंच. आता ज्यात मी अडकले ते सांगते, आणि जरा लांबण लावूनच सांगते.

सुई तुंबते. हमखास तुंबते. मला शिकवणाऱ्यांनी तेव्हा सांगितलं, ‘‘पाणी टाक, पातळ होईल.’’ टाकलं की खरंच सरसर चालतं, म्हणून पटतं. पण बिस्किट भांडं पाणी पितं. पाणचट रेघ टेकली की कडेने पसरते, पाणी आत जातं आणि वर रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. कच्ची असताना छान दिसते, हाच घात आहे. भट्टी उघडल्यावर काळ्या रेघेच्या जागी तपकिरी डाग निघतो. आणि हीच पाणचट रेघ दुसऱ्या सुकलेल्या ग्लेजवर जाड थराने काढली, तर सुकताना तडकते आणि भट्टीत गोळा होऊन बाजूला सरकते.

तुंबण्याचं कारण घट्टपणा नसतंच. कारण असतं कण. बुडवायच्या बादलीला 80 नंबरची चाळणी चालून जाते, सुईला नाही; चाळणीचा नंबर वाढला की जाळी बारीक. रेघेचं ग्लेज 120 नंबरच्या चाळणीतून दोनदा काढा. दुसरं कारण, टोकावर सुकलेला थेंब. मे महिन्यात चंद्रपुराकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा दोन ठिपक्यांच्या मध्येसुद्धा टोक सुकतं. वाटीत ओला स्पंज ठेवा, हात थांबला की टोक त्यात रोवा. भांडंही आधी ओल्या स्पंजाने पुसून घ्या, म्हणजे धूळ जाते आणि त्याची तहान थोडी भागते.

मग वाहतं कसं करायचं? वजन करून. बुडवायच्या ग्लेजचं 100 मिलीला वजन साधारण 140 ते 150 ग्रॅम भरतं. रेघेसाठी मी ते 160 च्या पुढे ठेवते, म्हणजे पाणी कमीच. ते दह्यासारखं बसलं तर पाणी न घालता ग्लेज वाहतं करणाऱ्या सोडियम सिलिकेटचा एक थेंब, ढवळायचं, बघायचं, मग दुसरा. घाईने चार थेंब टाकलेत तर ग्लेज तळाशी दगडासारखं बसेल. चिकटपणासाठी सीएमसी (डिंकासारखी पूड) रात्रभर भिजवून थोडं घालता येतं, पण उन्हाळ्यात ते सडतं, वास मारतं आणि चिकटपणा जातो. लागेल तेवढंच भिजवा.

हात थरथरतो म्हणून रडू नका. सगळ्यांचाच थरथरतो. फुटक्या बिस्किटाच्या खापरांवर सराव करा, कागदावर नको, कारण कागद भांड्यासारखं पाणी ओढत नाही. चुकलेली रेघ सुकली की ब्लेडने हलकेच खरवडून निघते, फक्त तोंडाला मास्क लावा, ती भुकटी छातीत जाते. आणि तुंबलेली सुई तोंडाने फुंकायची नाही. आमच्याकडचे एक काका मजेत फुंकतात, वर म्हणतात, ‘‘काय होते बे?’’ ग्लेजमध्ये शिसं किंवा बेरियम असू शकतं, होते ते हे.

गुरूबद्दल माझं मत कडू आहे. बादलीला हात लावू न देणारा, ‘अंदाजाने टाक’ म्हणणारा उस्ताद हाताने कितीही तयार असो, रेघेसाठी कामाचा नाही. अंदाज त्याच्या बोटात आहे, तुमच्या नाही. व्हिडिओही फसवतात, त्यात भट्टीतून निघालेली चांगलीच ताटली दाखवतात. पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारी योजनेचं मूलभूत प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं असतं, ते जरूर करा, पण तेवढ्यात रेघ बसेल ही आशा नको. भद्रावतीला ग्रामोदय संघ या संस्थेचं कुंभारकाम बघायला मिळालं तर तयार मालापेक्षा ग्लेज कालवणाऱ्या माणसाजवळ जास्त वेळ उभे राहा.

गाठीला पैसे असतील तर क्रम असा: 120 ची चाळणी, ग्रॅमचा वजनकाटा, 100 मिलीचं मापाचं भांडं. मग फिरकी. बाटली सगळ्यात शेवटी, आणि तीही टाचणीच्या टोपणाची, म्हणजे टोपणातली टाचणी भोकात बसून ते तुंबू न देणारी, बघून घ्या.