लस घ्यायची की नाही, हे ठरवताना वहीतलं एक पान

2021 मध्ये कोविडची लस घ्यायला आईचा नंबर लागला तेव्हा ती "बघू गं" म्हणून विषय टाळत राहिली. तीन आठवडे असेच गेले. त्या तीन आठवड्यांत मी जे चुकले आणि मग जे जमलं, ते लिहिते. पुढे कधी साथ आली, किंवा घरात कुणी अजून डोसासाठी चालढकल करत असेल, तर उपयोगी पडेल.

आधी भीती नेमकी कशाची आहे ते विचारा. मी विचारलंच नव्हतं. तिला लशीवर विश्वास नाही असं धरून मी रोज आकडे वाचून दाखवायचे. एका रात्री गोळ्यांची डबी भरता भरता ती म्हणाली, "मला सुई बघून चक्कर येते. चारचौघांत पडले तर?" एवढंच होतं! त्यावरचा उपाय साधा होता: उपाशी जायचं नाही, पाणी पिऊन जायचं, नर्सला आधीच सांगायचं, आडवं होऊन सुई घ्यायची आणि नंतर लगेच उठायचं नाही.

मग वहीत दोन रकाने आखा. एकात लस घेतली तर काय होऊ शकतं, दुसऱ्यात नाही घेतली तर काय. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे हे मला सुचायला हवं होतं, पण भीतीच्या भरात मी पहिलाच रकाना भरत बसले होते. "थोडं थांबू" हे दुसऱ्या रकान्यात जातं, कारण आपण थांबलो तरी विषाणू थांबत नाही.

आकडे वाचताना सावकाश वाचा. फायझर कंपनीच्या चाचणीत त्यांची कोविड लस 95 टक्के परिणामकारक ठरली, म्हणजे शंभरातले पाच आजारी पडणार, असं दादानं मला ठासून सांगितलं आणि मलाही ते पटलं होतं. खरं गणित असं आहे: चाचणीत 43 हजारांहून जास्त माणसं होती, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. आजारी पडलेल्यांपैकी लस घेतलेले 8 होते आणि न घेतलेले 162. टक्केवारी या तुलनेतून आली आहे: लस घेतलेल्यांत आजारी पडणारे 95 टक्क्यांनी कमी होते. पुढे विषाणूची रूपं बदलली, तसं संसर्गापासूनचं संरक्षण कमी झालं. गंभीर आजारापासूनचं मात्र जास्त टिकलं, आणि आईच्या वयाला तेच महत्त्वाचं होतं.

दुष्परिणाम लपवू नका. ताप, अंगदुखी, दंड दुखणं एक-दोन दिवसांत जातं. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लशीनंतर (आपल्याकडची कोविशील्ड) फार थोड्या लोकांना रक्ताच्या गुठळ्या झाल्या, एमआरएनए लशींनंतर (फायझरची लस याच प्रकारची) काही जणांच्या, विशेषतः तरुण मुलांच्या, हृदयाच्या स्नायूला सूज आली. मी हे आईला सांगितलं आणि कशावर लक्ष ठेवायचं तेही सांगितलं: छातीत दुखणं, धाप लागणं, पायाला सूज, न थांबणारी तीव्र डोकेदुखी. यातलं काही झालं तर लगेच डॉक्टर. तिला हे आधी कुठूनतरी कळलेलं होतंच. माझ्या तोंडून ऐकल्यावर ती मोकळेपणी विचारू लागली.

डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्या. आई रक्त पातळ करणारी गोळी घेते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, सुईच्या जागी निदान दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं आणि चोळायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. पूर्वी कुठल्या औषधाची किंवा लशीची जोरदार अ‍ॅलर्जी आली असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, दिवस गेले असतील, तर तेही सांगा.

त्या दिवशी आई आडवी झाली, डोळे मिटले आणि माझं मनगट धरून ठेवलं. नर्सनं कापूस दिल्यावर मी घड्याळात बघून दोन मिनिटं दाबून धरला. नंतर अर्धा तास तिथेच थांबलो, कारण तीव्र अ‍ॅलर्जी आलीच तर ती बहुधा तेवढ्यात कळते. रात्री तिला ताप आला, सकाळी उतरला.

दुसऱ्या डोसाच्या वेळी नर्सनं पलंगाकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, "नको, बसूनच घेते."