बंद इंधन डेपोचं भूजल: पंप सुरू करण्याआधी

डेपोतून गळून भूजलात साचलेलं तेल (पेट्रोल-डिझेल) पंपाने उपसण्याआधीची ही तयारी. हातमोजे, नमुन्यांसाठी बर्फ, नोंदवही हे सांगायला नको. गॅस मीटर तेवढा सकाळीच तपासा. स्फोटमर्यादेच्या (हवेतल्या इंधनवाफेचं ज्या प्रमाणाला स्फोट होऊ शकतो, त्याच्या) 10 टक्क्यांवर आकडा गेला की काम बंद. तेलाच्या बोअरमध्ये साधी सबमर्सिबल मोटर सोडायची नाही. हवेवर चालणारा पंप घ्या.

आता मुख्य गोष्ट. पंप सुरू होण्याआधी प्रत्येक निरीक्षण बोअरमध्ये तेलाची पातळी आणि पाण्याची पातळी वेगवेगळी मोजा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, "तिथे तेल नाहीच" असं सगळे म्हणतात तीसुद्धा. सगळ्या एकाच दिवशी. त्यासाठी इंटरफेस प्रोबच (तेल आणि पाणी वेगळं ओळखणारं मोजणीयंत्र) हवा, पाण्याच्या साध्या सेन्सरला तेलाचा थर कळत नाही. केसिंगच्या तोंडावर रंगाने खूण करा, तिचा आरएल (ठरलेल्या आधारपातळीपासूनची उंची) काढून घ्या आणि दर वेळी तिथूनच मोजा. तेलाच्या वजनाने बोअरमधलं पाणी खाली दबतं. तेल 7.20 मीटरवर, पाणी 7.80 वर, म्हणजे थर 0.60, पेट्रोलची सापेक्ष घनता 0.74 धरली तर दुरुस्त पातळी 7.80 वजा (0.60 × 0.74), म्हणजे 7.36. ही दुरुस्ती केली नाही तर प्रवाहाची दिशाच चुकते आणि पंप भलत्याच बोअरवर बसतो.

पंप एकदा चालला की मूळ पातळी पुन्हा मोजता येत नाही. मग सफाई झाली की नाही, हे कशाशी ताडून बघणार? म्हणून आधी मोजा. कंत्राटदार घाई करो, टँकर दारात उभा असो, आधी मोजा.

आणि ही मापं मेमध्येही हवीत, ऑक्टोबरमध्येही. बेसाल्टात पावसाळ्यानंतर पाणी काही मीटर चढतं, तेल भेगांत पाण्याखाली अडकतं आणि बोअर स्वच्छ दिसते. त्यावरून काम संपल्याचा अहवाल लिहू नका. उन्हाळ्यात तेल परत येतं. बोअरमधला जाळीचा पाइप (ज्याच्या छिद्रांतून पाणी आत येतं तो) या दोन्ही पातळ्यांना पुरेल इतका लांब हवा. जाळी पूर्ण बुडाली तर वर तरंगणारं तेल बोअरमध्ये येतच नाही.

बेंझीनचे नमुने 40 मिलिलिटरच्या कुपीत, आम्ल घालून, हवेचा बुडबुडा न ठेवता. बाटली उलटी करून बघा. 4 अंशांवर ठेवा, 14 दिवसांत तपासणी.

उपसलेलं पाणी शुद्ध करायला कार्बनच्या टाक्या दोन, एकामागे एक. नमुना दोन टाक्यांच्या मधल्या नळातून. पाण्यात लोह असेल तर ते आधी काढा, नाहीतर कार्बन चोंदतो. तेलकट गाळ घातक कचऱ्यात, फॉर्म 10 (कचरा पाठवल्याची नोंद) सकट. पंप बंद केल्यावर किमान वर्षभर मोजणी, त्याच खुणेपासून, त्याच सगळ्या बोअरमध्ये.