प्राणायाम सुरू करताय? आधी श्वास सोडायला शिका

नवीन माणूस प्राणायाम करायचा म्हटलं की थेट कपालभातीवरच उडी मारतो. गार्डनमध्ये सकाळी ग्रुप बसलेला असतो, आपण मागे जाऊन बसतो आणि बाजूच्या काकांच्या स्पीडने फटाफट पोट आत मारायला लागतो. हे करू नका. कपालभाती मुळात प्राणायामात मोडतच नाही, हठयोगप्रदीपिकेत ती नेती, धौतीबरोबर शुद्धिक्रियांमध्ये दिलीय. आणि त्याच ग्रंथात बजावलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करतात तसाच वायूही हळूहळू वश करायचा, नाहीतर तो साधकालाच मारतो. एवढं जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय आणि आपल्याला पहिल्याच आठवड्यात शंभर स्ट्रोक मारायचे असतात.

आधी जागा. मुंबईत हा प्रश्न खरंच आहे, कारण मोकळी हवा म्हणून आपण खिडकी उघडून बसतो आणि बाहेर रिडेव्हलपमेंटची धूळ नाहीतर एसीच्या युनिटवर कबुतरांचा संसार. कबुतरांच्या विष्ठेची धूळ काही लोकांच्या फुफ्फुसांना कायमची बाधू शकते, तेव्हा ती खिडकी नकोच. हिवाळ्यात समोरची बिल्डिंग धुरकट दिसत असेल तर त्या दिवशी खिडकी बंद, पंखा स्लो, आणि जोरजोरात करायचे प्रकार पूर्ण बंद. शीतलीसुद्धा नको, कारण त्यात हवा तोंडाने आत येते, नाकातली गाळणी वापरलीच जात नाही.

पोट रिकामं हवं, जेवणानंतर साधारण तीन-चार तास. सकाळी पाणी भरणं आणि डब्यांच्या घाईत जमत नसेल तर संध्याकाळी जेवणाआधी करा, फक्त स्टेशनबाहेरचा वडापाव नुकताच पोटात गेलेला नसावा. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्ची चालते, पाय जमिनीला टेकलेले आणि पाठ ताठ पण आखडलेली नाही. खाली बसणार असाल तर ढुंगणाखाली चादरीची जाड घडी घ्या, गुडघे आपोआप खाली येतात आणि कंबर धरत नाही.

आता खरं काम. पहिले दोन आठवडे बोटं नाकाला लावायचीच नाहीत. फक्त श्वास सोडणं लांबवायचं. नाकाने घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा, मध्ये थांबायचं नाही. एक हात पोटावर ठेवा, श्वास घेताना पोट बाहेर आलं पाहिजे, खांदे वर जात असतील तर तुम्ही छातीनेच ओढताय. चार-सहा जड जात असेल तर तीन-चार करा, काही बिघडत नाही. पाच मिनिटं पुष्कळ झाली.

आकडा बरोबर आहे की नाही हे कसं कळणार? पुढचा श्वास बघा. सोडून झाल्यावर पुढचा श्वास आपसूक, आवाज न करता आत आला तर आकडा बरोबर. हपापल्यासारखा ओढून घ्यावा लागला तर तुम्ही जास्त ताणलंय, लगेच एक-दोन आकडे कमी करा. ही एकच खूण लक्षात ठेवा, बाकी अॅपवरचा टायमर काय म्हणतो ते सोडा, अॅपला तुमचा श्वास दिसत नाही.

हे सहज जमायला लागलं की अनुलोम-विलोम. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडा, अंगठा उजव्या नाकपुडीला, करंगळीशेजारचं बोट डाव्या. नाकाचं हाड जिथे संपतं आणि मऊ भाग सुरू होतो तिथे फक्त टेकवायचं, बरेच जण नाक असं दाबतात की ते वाकडंच होतं. डावीने घ्या, उजवीने सोडा, उजवीने घ्या, डावीने सोडा, हे झालं एक आवर्तन. पाच-सहापासून सुरुवात करा, मोजणी तीच चार-सहा. एक नाकपुडी चोंदलेली असेल तर जोर लावू नका, सर्दी असेल तर त्या दिवशी दोन्ही नाकपुड्यांनी साधा लांब श्वास घ्या, नाहीतर सुट्टी. लोकलमध्ये विंडो सीट मिळाली तर श्वास लांबवायला हरकत नाही, पण डब्यातला दांडा पकडलेला हात नाकाला लावू नका प्लीज. भ्रामरी पण याच टप्प्यावर, ओठ मिटलेले, दात सुटे, आणि सोडताना बारीक गुंजन, झोपण्याआधी मस्त वाटतं.

कुंभक म्हणजे श्वास रोखणं आणि भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं, हे दोन्ही मात्र पुस्तक किंवा व्हिडिओ बघून नको. घेणं, रोखणं, सोडणं यांचं १:४:२ हे प्रमाण सगळीकडे वाचायला मिळतं, ते वर्षानुवर्षं सराव असलेल्यांसाठी आहे. हाय बीपी, हार्टचा त्रास, काचबिंदू, हर्निया, फिट्स, पोटाचं नुकतंच ऑपरेशन किंवा प्रेग्नन्सी असेल तर कुंभक, भस्त्रिका आणि कपालभाती तिन्ही टाळा, आणि बाकीचंही डॉक्टरांना विचारून करा. दमा असेल तर पंप जवळ ठेवा. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, कोण काहीही सांगो.

भराभर श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात. याला लोक ऊर्जा जागी झाली म्हणतात, नाही हो, थांबायची वेळ झालीय एवढंच. असं झालं तर डोळे उघडा, नेहमीसारखा श्वास चालू द्या, लगेच उभं राहू नका. छातीत दुखलं किंवा दम बसतच नसेल तर सरळ डॉक्टर.

पुढे शिकायचं तर मुंबईकरांना तक्रारीला जागा नाही. सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट १९१८ पासूनची आहे, लोणावळ्याच्या कैवल्यधामचं केंद्र मरीन ड्राइव्हला आहे, ठाण्याकडच्यांना घंटाळी मित्र मंडळ आहे. घराजवळचा छोटा क्लासही चालेल, फक्त पहिल्या दिवशी तिथे बीपी, ऑपरेशन, औषधं याबद्दल विचारतात का ते बघा. न विचारता सगळ्यांना एकाच स्पीडने भस्त्रिका करायला लावत असतील तर फी भरायच्या आधीच निघा.