शनिवारची मॅच, रविवारची लांब राईड: इंदूरकरांनो, या चुका टाळा

माळव्यात सायकल चालवायला सगळ्यात छान दिवस म्हणजे ऑक्टोबरअखेर ते मार्च. सकाळी गारवा, आभाळ मोकळं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. नेमक्या याच महिन्यांत इंग्लंड आणि युरोपातल्या फुटबॉल मॅचेस आपल्याकडे तासभर उशिरा सुरू होतात. तिकडची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येतात. ज्याला आपला संघही सोडायचा नाही आणि रविवारचे शंभर किलोमीटरही, त्याची राईड बहुतेक वेळा रस्त्यावर बिघडत नाही, आदल्या रात्री टीव्हीसमोर बिघडते. म्हणून आधी टीव्हीसमोरच्या चुका, मग रस्त्यावरच्या.

वेळापत्रक एकदाच उतरवून घेणं

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचं वेळापत्रक उन्हाळ्यात जाहीर होतं, पण त्यातल्या बहुतेक मॅचेस तेव्हा शनिवारी दुपारी ३ अशाच छापलेल्या असतात. नंतर टीव्हीसाठी निवड होते आणि मॅच शुक्रवारी, रविवारी, कधी सोमवारी सरकते. जूनमधल्या यादीवरून डिसेंबरची राईड ठरवली की ती फसलीच म्हणायची. दर महिन्याला पुढच्या चार आठवड्यांच्या वेळा पुन्हा तपासा.

फोनच्या कॅलेंडरमध्ये भारतीय वेळ हाताने टाकू नका. वेळ लंडनचीच टाका आणि त्या नोंदीचा टाइम झोनही लंडन ठेवा, म्हणजे ऑक्टोबरअखेरचा बदल फोन आपोआप करतो. डोक्यात ठेवायच्या वेळा अशा: लंडनची शनिवार दुपारची ३ ची मॅच आपल्याकडे उन्हाळी वेळेत साडेसातला, हिवाळी वेळेत साडेआठला. साडेपाचची मॅच रात्री १० किंवा ११ ला. रविवारी साडेचारची मॅच रात्री ९ किंवा १० ला. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या मुख्य मॅचेस मध्यरात्री साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. घोळ होतो तो रात्री अकराच्या मॅचमुळे. ती संपेपर्यंत एक वाजतो, झोप लागेपर्यंत दीड, आणि साडेचारचा गजर लावलेला असतो.

एक बारकावा कामाचा आहे. तुमचा संघ युरोपा लीगमध्ये (युरोपातल्या क्लबांची दुसरी स्पर्धा) गुरुवारी खेळणार असेल, तर त्याची पुढची लीग मॅच सहसा रविवारी ठेवतात. त्या आठवड्यात शनिवारची रात्र मोकळी, रविवारी सकाळी राईड आणि संध्याकाळी मॅच. शिवाय नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय मॅचेससाठी क्लब फुटबॉल थांबतं. सीझनमधली सगळ्यात लांब राईड त्याच शनिवार-रविवारी ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे. हवाही तेव्हाच सगळ्यात चांगली असते.

गुणतालिका वाचताना

डिसेंबरमध्ये संघ आठव्या नंबरवर दिसला की काहीजण सीझनच सोडून देतात. आधी मॅचेस किती झाल्या ते बघा. कप स्पर्धांमुळे मॅचेस पुढे ढकलल्या जातात, त्यामुळे १२ मॅचेसमध्ये २२ गुण असलेला संघ १४ मॅचेसमध्ये २४ गुणवाल्याच्या खाली दिसतो. पण सरासरी काढली तर पहिल्याची १.८३ आणि दुसऱ्याची १.७१. सरासरीला सीझनच्या एकूण मॅचेसने, म्हणजे ३८ ने गुणा, म्हणजे संघ कुठे चाललाय ते कळतं. पिवळ्या कार्डांचा हिशोबही ठेवा: पहिल्या १९ लीग मॅचेसमध्ये एखाद्या खेळाडूची पाच झाली की तो एक मॅच बाहेर. 'आपला सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) आज का नाही?' याचं उत्तर बरेचदा तिथेच सापडतं.

मॅच बघताना खाणं

अकराच्या मॅचबरोबर लसणी शेव, हाफटाइमला चहा, आणि पाच वाजता हँडलवर वाकून दोन तास. ॲसिडिटी होणारच, कारण पोट दुमडलेलं असतं आणि तिखट-तेलकट अजून वरच असतं. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो, त्यामुळे जी थोडी झोप मिळते तीही कच्चीच. रात्रीचं जेवण आठपर्यंत आटपा. वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी, असं साधं. मॅच बघताना पाणी प्या, तोंड चाळवायला साधे चुरमुरे घ्या.

पाच तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर राईड चाळीस किलोमीटरवर आणा आणि घाट उतरायला जाऊ नका. पायात जोर असतो, पण डोळा आणि ब्रेकवरची बोटं मागे पडतात. खंडवा रोडवरच्या भेरूघाटात समोरून ट्रक येत असताना तेवढा उशीर परवडत नाही.

किलोमीटर मोजणं, चढ न मोजणं

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, महेश्वर १५० च्या आसपास. महू, मानपूर, धामनोद करत महेश्वरला जाताना सायकल पळत सुटते आणि 'आज पाय किती छान चाललेत' असं वाटतं. ते पाय नसतात, तो माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात जाणारा उतार असतो. परतीचे नव्वद किलोमीटर हाच उतार उलटा चढायचा, तोही ऊन वर आल्यावर. महेश्वर एका दिवसात जाऊन-येऊन करणं अनुभवी लोकांचं काम आहे. नवीन माणसाने तिथे मुक्काम करावा किंवा सायकल गाडीत टाकून परतावं. या रस्त्यावरच्या गणपती घाटात ट्रकचे ब्रेक निकामी होऊन बरेच अपघात झालेत. तिथे सायकल नेऊच नका, मानपूरच्या पुढचा घाटाचा टप्पा गाडीने करा.

खंडवा रोडला तेच, लहान प्रमाणात. तेजाजीनगर, सिमरोल, पुढे भेरूघाट उतरून चोरल. जाताना मजा, येताना घाट. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे निदान ३२ ची नसेल तर गुडघ्यांवर ताण येतो.

पहिल्या शंभरीसाठी उज्जैनच बरं. सांवेरमार्गे एका बाजूने ५५ किलोमीटरच्या आसपास, जाताना किंचित उतार, घाट नाही. मात्र वाऱ्याचा अंदाज घ्या. जाताना वारा पाठीवर असेल तर परतताना तो छातीवर येणार, तेव्हा अर्ध्या रस्त्यात निम्मा दम खर्च करायचा नाही. पहाटे निघत असाल तर मागचा लाल दिवा हवाच. डिसेंबरअखेर इंदूरला सूर्य सातनंतरच उगवतो.

हवा 'टणक' भरणं

ही चूक सगळ्यांची. टायरवर कमाल १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं दिसलं की लोक १२० भरतात. तो आकडा म्हणजे मर्यादा. सत्तर किलोच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ७५, पुढे ७० पुरतं. २५ मिलिमीटरमध्ये मागे ९०, पुढे ८५. रस्ता खराब असेल तर आणखी पाच कमी. जास्त हवेने टायर खडीवर उड्या मारतं, पकड सुटते आणि हात-मान आखडतात. वेग मात्र वाढत नाही.

गावातल्या पंक्चरवाल्याकडची नळी मोटरसायकलची असते. आपल्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला ती बसत नाही. पितळी ॲडॉप्टर पिशवीत ठेवला तर तोच पंक्चरवाला देवासारखा धावून येतो. कंप्रेसरने भरताना अर्धा-अर्धा सेकंदच दाबा, टायर छोटं असतं आणि क्षणात फुटतं.

पंक्चर काढलं, दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: ट्यूब बदलली, काटा टायरमध्येच राहिला. सिमरोलकडे बाभळीचा काटा, आणि एबी (आग्रा-मुंबई) रोडवर फाटलेल्या ट्रक-टायरमधून सांडलेली केसाएवढी बारीक तार. ती बाहेरून दिसत नाही.

टायर बसवताना त्यावरचा मोठा छाप नेहमी व्हॉल्व्हला लागून आणा. पंक्चर झाल्यावर ट्यूब काढा, फुगवा, ओठाजवळ धरून हवा कुठून येते ते शोधा. ओठाला कानापेक्षा लवकर कळतं. मग ट्यूब टायरला लावून बघा: व्हॉल्व्हपासून भोक जितकं दूर, छापापासून काटाही तितक्याच अंतरावर असणार. कुठल्या बाजूने ते विसरला असाल तर फक्त दोन जागा तपासायच्या. टायरच्या आतून सुती फडकं फिरवा. तार असेल तर धागा अडकतो. बोट फिरवू नका, कापतं.

भोकाची जागा कारणही सांगते. बाहेरच्या अंगाला एकच टोच असेल तर काटा किंवा तार. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची कड टोचते आहे. अशा वेळी दहा ट्यूब बदलल्या तरी उपयोग नाही, पट्टीच बदला. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलं असेल तर छोट्या पंपाने भरताना व्हॉल्व्ह हलला. एका हाताने पंपाचं तोंड आणि स्पोक एकत्र घट्ट धरून भरा. आणि टायर चढवल्या चढवल्या हवा गेली, तर शेवटचा भाग लीव्हरने चढवताना ट्यूब चिमटली. तो भाग अंगठ्यांनीच चढवायचा. टायरच्या दोन्ही कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत आलात तर तेवढी ढील मिळते.

बरोबर दोन ट्यूब, दोन लीव्हर, पंप आणि ठिगळांची डबी ठेवा. छोट्या पंपाने सत्तरपर्यंत जायला दोनशेच्या आसपास हात मारावे लागतात, मध्येच कंटाळून निघू नका.

भूक लागल्यावर खाणं

पोहे-जिलबी खाऊन निघालात, छान. पण ते पहिल्या दीड तासाचं इंधन. नंतर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं लागतात: एक मध्यम केळं साधारण २५ ग्रॅम, गुळाचा सुपारीएवढा खडा १०, चार लहान खजूर २०-२५. पहिला घास पाऊण तासाच्या आत, मग दर अर्ध्या तासाला. सत्तराव्या किलोमीटरला हातपाय गळाले, चिडचिड व्हायला लागली, डोकं रिकामं वाटलं, तर तासाभरापूर्वीच उशीर झालेला असतो. थांबा, गोड खा, पंधरा मिनिटं बसा.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर. ओआरएसची एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटरमध्येच विरघळवा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण पुडी टाकली तर पाणी घट्ट होतं, पोटात नीट जिरत नाही आणि मळमळतं.

दुखणं आणि कटकट

गुडघा पुढून दुखतो तेव्हा सीट बहुतेक खाली असते, मागून दुखतो तेव्हा वर. टाच पेडलवर ठेवून पाय सगळ्यात खाली नेला की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. बदल एका वेळी पाच मिलिमीटरच करा आणि दोन राईड बघा.

मागचा गिअर मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर डिरेलरजवळची (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) गोल फिरकी, मागून बघताना, डावीकडे पाव फेरा फिरवा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. चेन स्पोकमध्ये जायला लागली तर मात्र लगेच थांबा. बहुतेक वेळा हँगर (डिरेलर जिथे फ्रेमला बसतो तो तुकडा) वाकलेला असतो, आणि तसंच चालवलं तर चाक जातं.

निकाल आधी कळणं

झोपेसाठी मॅच सोडली आणि पाच वाजता गजर बंद करताना स्कोअर समोर आला, याचं वाईट वाटतं. शनिवारी संध्याकाळीच स्कोअरच्या ॲपच्या सूचना बंद करा, संघाचे व्हॉट्सॲप ग्रुप म्यूट करा आणि गजरासाठी वेगळं घड्याळ वापरा. रविवारी दुपारी पूर्ण मॅच बघा, फक्त गोल नको. बचावफळी कुठे उघडी पडत होती ते हायलाइट्समध्ये दिसत नाही.

शनिवारी रात्री मॅच बघायचीच असेल तर हाफटाइमची १५ मिनिटं कामाला लावा: दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघा, दिवे चार्जिंगला लावा, बाटल्या भरा.

आणि रविवारची पंक्चर ट्यूब पिशवीत तशीच ठेवू नका, पुढच्या राईडला तीच हातात येते. संध्याकाळच्या मॅचच्या आधी भोकाभोवती काचकागद घासा, सोल्युशन पातळ लावा आणि ते पूर्ण वाळू द्या, चार-पाच मिनिटं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत. ओल्यावर लावलेलं ठिगळ उन्हात सुटतं. ठिगळ दाबून ट्यूब थोडी फुगवा आणि किक-ऑफला टीव्हीशेजारी खिळ्याला टांगा. शेवटची शिट्टी होईपर्यंत टणक राहिली तर हवा काढून, टाल्कम पावडर लावून घडी घाला.